तारेचं दुसरं टोक

हुपरीत चांदीला तोटा नाही, पण गुणवंती आक्का चौगुलेंच्या पायात होते तसले तोडे दुसऱ्या कुणाच्या पायात नव्हते, आणि ही गोष्ट गावाला आपोआप कळेल अशा भरवशावर आक्का कधी राहिल्या नाहीत. बारशाला गेल्या की भिंतीला टेकून पाय लांब करायच्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. गुडघे खरोखरच दुखायचे, पण निऱ्या घोट्याच्या वर सरकायच्या त्या काही गुडघ्यांमुळे नव्हे.

तोडे लग्नातले. जाड तारेचे दोन पदर एकमेकांत पिळलेले, कुठं डाक नाही, सांधा नाही. नवरा भूपाल चौगुले तार ओढण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. ही तार त्यानं एकट्यानं ओढली, दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नाही, असं आक्का सांगायच्या, आणि भूपाल शेजारी बसून नुसती मान डोलवायचा. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मान डोलवायला तो नव्हता, तशी नाही म्हणायलाही नव्हता, त्यामुळे गोष्ट दरवर्षी जास्तच पक्की होत गेली.

दिवाळी आली की आक्का तोडे उजळायला घ्यायच्या. शेगडीवर लाल होईस्तोवर तापवायचे, चिंचेच्या पाण्यात सोडायचे, रिठ्यानं घासायचे. हुपरीत सगळ्याच बायका हे करतात, पण आक्कांचा जाळ मोठा. त्यांचे तोडे दुधासारखे पांढरे निघायचे आणि मग त्या ते घालून मुद्दाम समोरच्या बोळातून देवळाला जायच्या. तिकडून वाट लांबची पडते. पण त्या बोळात सुलोचना मगदूम राहायची.

या बाईचं काय करावं हे आक्कांना उभ्या जन्मात उमगलं नव्हतं. तार ओढायला दोन माणसं लागतात. मध्ये उभी जंतराची पट्टी, म्हणजे पोलादाची, एकाहून एक बारीक भोकं पाडलेली. एकानं पकडीत तारेचं टोक धरून ओढायचं आणि दुसऱ्यानं पट्टीपलीकडं बसून तार सोडत राहायचं, सैल नाही आणि आवळही नाही. भूपालच्या शेडमध्ये पलीकडं सुलोचना बसायची. पोटासाठी बसायची, हे आक्कांनाही ठाऊक होतं. आक्कांना कुणी बसू दिलं नसतं आणि त्या बसल्याही नसत्या. चौगुल्यांच्या सुना कामाला बसत नाहीत, असं सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि आक्कांनी ते मंगळसूत्रासारखं गळ्यात घालून घेतलं होतं. स्वयंपाकघर शेडला लागून. भाकरी थापताना भिंतीपलीकडून तारेचा आवाज यायचा, मग थोडा वेळ काहीच यायचं नाही. आवाजापेक्षा ते काहीच न येणं वाईट.

त्या दिवसांतलं एक पिळाचं कडं सुलोचनाच्या मनगटात अजून होतं. मोठी मागणी पुरी झाली की ओढलेल्या तारेचा उरलेला शेवटचा तुकडा पलीकडं बसणाऱ्याला द्यायचा, अशी शेडची रीत होती; तसल्याच तुकड्याचं हे. तिनं ते कधी उजळलं नाही. काळंकुट्ट, म्हशीच्या गळ्यात बांधावं असलं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण आक्कांची नात प्राची धातू शिकली, आणि तिनं एक मशीन गावात आणली.

कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत प्राची धातू फाडायची. आक्का तसंच सांगायच्या, नात काय करते तर पत्रे फाडते. गाडी आदळली की पत्रा डोळ्याचं पातं लवायच्या आत ताणला जातो, त्या वेळात त्याच्या पोटात काय होतं हे त्या लोकांना बघायचं होतं. एका सुट्टीत ती स्वयंपाकघरात बसून शेंगा फोडता फोडता आज्जीला सांगत होती.

“चांदीत कण कसे बसलेले असतात, पंगतीत माणसं बसतात तसे. रांगेला रांग लागून. आता सावकाश ओढलं, तर एक जण शेजारच्या पानावर सरकतो. त्याच्या रिकाम्या पानावर मागचा सरकतो. असं करत करत अख्खी रांग एका पानानं पुढं जाते, आणि मधे कुणाचा वरणाचा थेंब सांडत नाही. चांदी, तांबं, सोनं तुटत नाही, लांब होतं, ते यामुळं.”

“आणि झटका दिला तर?” आक्कांनी विचारलं.

“तर पंगतीत कुणीतरी ओरडलं, साप आला. सरकायला वेळच नाही. सगळे एकदम उठतात, एकमेकांच्या पायात अडकतात. काही पानं रिकामी राहतात, कुठं एका पानावर दोघं. एखादी रांग घाईत उलट्या तोंडानं बसते. रिकामी पानं एका जागी जमली की तिथं पोकळी होते, पोकळीला पोकळी मिळाली की पत्रा फाटतो.”

हातानं ओढलेली तार एवढ्या वेगात कुठं ताणली जाते, हा प्रश्न आक्कांना सुचला नाही, पण प्रयोगशाळेतल्या शहाण्यांना सुचला होता. उत्तर भोकात होतं. बाहेर हात ओढतो तो हाताच्या गतीनं, पण जंतराच्या भोकात चांदीला मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत सगळं ताणून घ्यावं लागतं. हाताचा छोटासा झटका तिथं मोठा होतो. आणि प्रत्येकाचा झटका वेगळा. एक जण ओढून थांबतो, एक जण ओढताना हिसडतो. रिकामी पानं किती, गुंते कुठं, उलट्या रांगा किती दाट, यावरून तो हात वाचता येतो. मशीन त्या पंगतीत पॉझिट्रॉन नावाचे अतिबारीक पाहुणे सोडायची. पाहुणा रिकामं पान हुडकून बसायचा आणि बसल्या जागी चमकून विझायचा. ती चमक मोजून मशीन पडद्यावर रेघ काढायची. शुद्ध चांदीतल्या खुणा हळूहळू विरतात, पण हुपरीची चांदी थोडं तांबं घातलेली. तांबं त्या खुणा धरून ठेवतं.

आक्कांनी शेंगांची टरफलं गोळा केली. “पंगतीत कोण बसलेलं ते कळतं म्हण की.”

“ते नाही कळत. पंगत कुणी उठवली ते कळतं.”

मशीनला गाव वाचक म्हणू लागलं. आली ती हातचं काम आणि कारखान्याचं काम वेगळं काढायला. हातच्या मालाला परदेशात भाव होता. पण मशीन दारात आल्यावर माणसं तेवढ्यावर थांबतात होय. कुणी बापाचं कडं आणलं, कुणी आज्याची साखळी. एका नावाजलेल्या घरातली सगळी तार गड्यानं ओढलेली निघाली आणि दोन भाऊ बोलायचे बंद झाले. एका बाईनं मेलेल्या लेकाच्या हातचा छल्ला वाचून घेतला आणि पडद्यावरची ती वेडीवाकडी रेघ छापून घरी नेऊन देवाशेजारी लावली. चांदी मुकी असते, हाच आजवर सगळ्यांचा आधार होता.

मग कारागिरांच्या सोसायटीनं चांदीचं दालन बांधायचं काढलं. जुन्या एकेका कारागिराचा हात तिथं जपायचा. पडद्यावर त्याची रेघ, खाली त्यानं घडवलेला दागिना, आणि दागिना ज्याच्याकडून आला त्याचं नाव. पहिला मान भूपाल चौगुलेंचा. त्यांची रेघ कोणती हे ठाऊक होतं, कारण मरणाआधी, पलीकडं माणूस नसताना, कसंबसं एकट्यानं ओढलेलं तारेचं एक भेंडोळं शेडमध्ये तसंच होतं, ते वाचलेलं. पण नुसतं भेंडोळं दालनात काय ठेवायचं, दागिना हवा.

आक्कांनी कुणी विचारायच्या आत तोडे काढून दिले. अट एकच, वाचन चारचौघांत झालं पाहिजे, आणि बोळातल्या बायकांनाही बोलावणं गेलं पाहिजे. बोळात बायका पुष्कळ होत्या. आक्कांना एकच बोलवायची होती.

सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी गर्दी झाली. सुलोचना मागं दाराशी बसली होती. आक्का पुढं, खुर्चीवर, रिकामे घोटे झाकून. प्राचीनं तोडे मशीनखाली ठेवले. पडद्यावर एक रेघ आली, सरळ, तळ्याच्या पाण्यासारखी. प्राचीनं तोडा फिरवला, जागा बदलली. पुन्हा तीच. तिनं दुसरा तोडा ठेवला.

“आज्जी,” ती हळू आवाजात म्हणाली, “तू हे कधी तापवलंस?”

“तापवीन कशाला? उजळते फक्त. दर दिवाळीला.”

“लाल होईपर्यंत?”

“मग काय सुपारीएवढ्या जाळावर उजळतात?” आक्का म्हणाल्या, आणि मागच्या दोनचार बायका हसल्या.

प्राची हसली नाही. तिनं जे सांगितलं ते हॉलमध्ये शांतता असल्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं. धातूला ताव दिला, म्हणजे लाल तापवलं, की कणांना हलायला बळ येतं. विस्कटलेली पंगत सावकाश पुन्हा नीट बसते, रिकामी पानं भरतात, गुंते सुटतात, नव्या सरळ रांगा धरल्या जातात. तार ओढताना मध्ये मध्ये ताव देतात तो याच्यासाठी, चांदी पुन्हा मऊ व्हावी म्हणून. मशीनला शेवटच्या तावानंतरचा हात तेवढा वाचता येतो. या तोड्यांत भूपाल आज्जांचा हात होता की नव्हता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पहिल्याच दिवाळीला तो पुसला गेला असणार.

आक्का म्हणाल्या, मशीन बिघडलंय. कुणी त्यांना खोटं पाडलं नाही, आणि तेच जास्त लागलं. मग सोसायटीच्या चेअरमनला काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, भूपालअण्णांच्या शेडमधलं, कधी न उजळलेलं, असं कुणाकडं काही आहे का. सगळ्या माना दाराकडं वळल्या. सुलोचनानं कडं पदराखाली घेतलं, पण उशीर झाला होता.

काळं कडं मशीनखाली गेलं आणि पडदा जागा झाला. भेंडोळ्यावर वाचलेली रेघ सगळ्यांना पाठ होती: थोडा चढ, मग एक सपाट जागा, मग एकदम उंच सुळका. तीच. पण एकटी नव्हती. तिच्याखालून दुसरी एक रेघ चालली होती, कमी उंचीची, एकसारखी, पहिली थांबली की थांबणारी, तिनं उसळी घेतली की किंचित झुकणारी. प्राचीनं सांगितलं, ही पलीकडं बसून ताण धरणाऱ्याची. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या दोन रेघा बरोबर जात होत्या.

आक्का उठल्या आणि घरी आल्या. भूपालचा हात दालनात राहणार आणि त्याखाली नाव सुलोचना मगदूमचं लागणार, एवढं त्यांना मशीनच्या मदतीशिवाय कळलं होतं.

पुढचे दिवस त्या उसनं हसण्यात हुशार झाल्या. भेटेल त्याला सांगायच्या, बरं झालं, गरिबाच्या घरचं काहीतरी कामी आलं. प्राचीला मात्र त्यांनी जेवायला वाढताना सांगितलं की तुझ्या आज्ज्याला परक्या बाईच्या हवाली करून आलीस. प्राची म्हणाली, आज्जी, त्या पलीकडं बसून तार सोडत होत्या, दुसरं काही मशीन सांगत नाही. आक्का म्हणाल्या, मशीनला कळत नाही म्हणजे नसतंच की काय. भूपालबरोबर अर्धं आयुष्य काढलं होतं. त्याला आमटी कशी लागते, कोणत्या कुशीवर झोप लागते, कोणता दात दुखतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. पण तो ओढायच्या आधी थांबायचा, ती सपाट जागा, हे त्यांना भर हॉलमध्ये पडद्यावर कळलं. आणि त्या बाईच्या रेघेला ते आधीपासून ठाऊक होतं. तो थांबला की ती थांबलेली.

दालन उघडायच्या आदल्या दुपारी त्या बोळात गेल्या. या खेपेला दारावरून पुढं न जाता आत शिरल्या. सुलोचना तांदूळ निवडत होती. लगबगीनं तिनं पाट पुढं केला. आक्का बसल्या नाहीत. इकडचे तिकडचे चार शब्द बोलून त्यांनी सांगितलं, उद्या मोठमोठी माणसं येणार, काळं कडं काचेत ठेवलं तर शेडची लाज जाईल. घरात चिंच भिजवलीच आहे, दे, उजळून देते.

अशी मदत हुपरीत कुणीही कुणाला करतं. लग्नाच्या घरी शेजारणी येऊन अख्ख्या घराची चांदी उजळून देतात. नाही म्हणणं म्हणजे हातावर फटका मारण्यासारखं. सुलोचनानं त्यांच्याकडं पाहिलं, मग मनगटाकडं. कडं सांध्यावरून निघेना. तिनं न्हाणीत जाऊन साबण लावला, काढलं, पुसलं आणि आक्कांच्या हातात ठेवलं.

“मीबी येते,” ती म्हणाली.

शेडमध्ये इतकी वर्षं येणारी ही बाई चौगुल्यांच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी पहिल्यांदा आली. भिंतीशी मांडी घालून बसली. आक्कांनी शेगडी पेटवली, चिमट्यात कडं धरलं. हलकं होतं. एवढ्याशा वजनासाठी आपण काय काय करायला निघालो, हा विचार आला आणि त्यांनी तो चिंचेच्या भांड्यामागं सारला. थोडा वेळ फक्त. मग दोघींचीही चांदी सारखीच पांढरी आणि सारखीच मुकी. कुणाकडं काही नाही. त्यांनी चिमटा जाळाकडं नेला.

“आक्का,” सुलोचना म्हणाली, “जाळ मोठा करा. बारीक जाळावर पुरतं पुसत न्हाई.”

आक्कांचा हात थांबला. “तुला म्हाईत हाय?”

“प्राची येता-जाता बजावतीया. चुलीजवळबी नेऊ नका म्हणून.”

“मग दिलंस कशाला, बये?”

“तुमी मागितलं. आजवर माझ्याकडं कधी काय मागितलं न्हाई तुमी.” सुलोचनानं मनगट चोळलं; कडं होतं तिथली कातडी फिकी पडली होती. “आनि मला काय करायचंय ते मशीन? ती रेघ बघून गावाला कळलं. मला हितं कळत हुतं.” तिनं हाताच्या पंजाकडं बोट केलं. बोलताना आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. आणलं असतं तर आक्कांनी जाळ मोठा केला असता.

शेगडी नुसतीच फुरफुरत राहिली. आक्कांनी हिशेब मांडून पाहिला आणि तो कुठूनही जुळेना. जाळलं तर ही बाई पांढरं कडं घालून बोळात जाईल आणि जे तिचं आहे ते तिच्यापाशीच राहील. नाही जाळलं तरी राहील. कडं त्यांच्या हातात होतं, जाळ त्यांचा होता, घर त्यांचं होतं, आणि तरीही त्या बाईच्या हातातलं काही त्यांना काढून घेता येत नव्हतं. साबण लावूनही नाही.

त्यांनी शेगडी बंद केली. कडं ओट्यावर ठेवलं.

“ने उद्या. तसंच काळं ने,” त्या म्हणाल्या. “म्हणू दे लोकांना काय म्हणायचं ते.”

सुलोचना उठायला लागली. आक्का म्हणाल्या, बस. मग स्वतःच तिच्यासमोर खाली बसल्या, गुडघ्यांनी आवाज केला तरी. उभ्या जन्मात या बाईकडं काही मागितलं नव्हतं, आणि पहिल्यांदा मागितलं ते खोटं निघालं होतं.

“तो कसा ओढायचा?” त्यांनी विचारलं. “सांग मला.”

सुलोचनानं हात लांब केला. ओट्यावरचं कडं घेतलं. त्याची एक बाजू आक्कांच्या हातात दिली, दुसरी आपल्या मुठीत धरली.

“तुमी माझ्या जागी,” ती म्हणाली. “सैल सोडू नका. ओढूबी नका. नुसतं धरा.”

तिनं हळूहळू ताण घेतला. चांदी दोघींच्या बोटांमध्ये घट्ट झाली. मग ती थांबली. आक्कांना वाटलं, आता ओढेल. तिनं ओढलं नाही. थांबलेलीच राहिली, श्वास धरून, समोर कुणीतरी काहीतरी सांगणार आहे अशी. आक्कांचाही श्वास थांबला. सगळं स्वयंपाकघर त्या एका जागी येऊन उभं राहिलं, आणि त्या जागेत भूपाल होता, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही.

मग झटका आला. छोटाच, पण पंज्यातून कोपरात, कोपरातून खांद्यात गेला. हात सुटता सुटता राहिला.

सुलोचनानं मूठ सैल केली. आक्कांनी केली नाही.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.

आणि या खेपेला त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, पलीकडं बसलेली सुलोचना दिसू नये म्हणून.